छप्पर वाऱ्याने का उडते?

चंदीगड शहराच्या मध्यभागी सेक्टर १७ हा भाग आहे. शहराची मुख्य बाजारपेठ, बँका, कचेऱ्या आणि केवळ पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला एक प्रशस्त चौक, असे त्याचे स्वरूप आहे. वैशाखाच्या अखेरीस एखाद्या दुपारी या चौकात उभे राहिले, म्हणजे उत्तर भारतातील आंधी कशी असते ते कळते. सकाळपासून अंगाची लाही होत असते. वारा पडलेला असतो. मग पश्चिमेच्या क्षितिजावर तांबूस रंगाची एक भिंत उभी राहते आणि पाहता पाहता जवळ येते. दुकानदार बाहेर मांडलेला माल घाईघाईने आत ओढतात, चौकातली माणसे इमारतींच्या पुढील रुंद व्हरांड्यांत शिरतात, आणि दुसऱ्याच क्षणी धूळ, पाचोळा व कागदाचे कपटे यांनी सारे आकाश भरून जाते. पंजाबी लोक याला 'झक्खड' म्हणतात. दहापंधरा मिनिटांत त्याचा जोर ओसरतो, टपोरे थेंब पडू लागतात आणि हवेत गारवा येतो. लोक व्हरांड्यांतून बाहेर पडतात. चौकात मोडलेल्या डहाळ्या पडलेल्या असतात. पण सभोवतीच्या चार मजली इमारतींच्या छपरांकडे कोणी मान वर करून पाहतही नाही. ती जागच्या जागी असणार, हे सर्वांनी गृहीतच धरलेले असते.

तोच वारा शहराच्या कडेच्या एखाद्या वस्तीवरून जातो तेव्हा मात्र तेथील पत्रे उचलून नेतो. एकाचे छप्पर दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडते. ज्याचे छप्पर गेले, त्याचे धान्य, अंथरूण-पांघरूण आणि मुलांची पुस्तके मागून येणाऱ्या पावसात भिजून जातात. हवेत भिरभिरणारा पत्रा वाटेत माणूस सापडला तर कोयत्यासारखा लागतो. वारा एकच असताना एक छप्पर हलले नाही आणि दुसरे उडाले, असे का व्हावे? 'एक सिमेंटचे होते, दुसरे पत्र्याचे,' हे उत्तर चटकन सुचते. ते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. आणि या अपुऱ्या उत्तरावर विसंबूनच आपण घरे बांधतो व दुरुस्त करतो, म्हणून दर वर्षी छपरे उडत राहतात. आज या प्रश्नाचा थोडा मुळापासून विचार करू.

प्रथम जे छप्पर टिकले त्याची घडण पाहू. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारताच्या वाट्याला आलेल्या पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या राजधानीचा पहिला आराखडा आल्बर्ट मेयर आणि मॅथ्यू नोविकी यांनी केला. १९५० साली नोविकी विमान-अपघातात मरण पावले, आणि १९५१ मध्ये हे काम ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे आले. पियेर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू हे त्यांचे सहकारी होते. त्यांच्या हाताखाली भारतीय वास्तुशिल्पज्ञांचा जो चमू तयार झाला, त्याच्या यादीत प्रभावळकर, देठे अशी आपल्या ओळखीच्या वळणाची आडनावेही आढळतात. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नव्या राजधानीचे उद्घाटन झाले.

सेक्टर १७ मधील इमारतींसाठी या मंडळींनी एक ठराविक सांगाडा ठरवून दिला. सुमारे सव्वापाच मीटरच्या अंतराने काँक्रीटचे खांब, त्यांना जोडणाऱ्या तुळया, आणि वर सपाट काँक्रीटचे छत. हे तिन्ही भाग एकमेकांत ओतलेले असतात. खांबातील लोखंडी सळ्या तुळईत शिरतात, तुळईतील सळ्या छतात शिरतात. छत येथे खांबांवर नुसते ठेवलेले नसते. ते खांबांना शिवलेले असते. श्रोत्यांनी हा 'ठेवलेले' आणि 'शिवलेले' यांमधला भेद मनात धरून ठेवावा, कारण पुढील सारे विवेचन त्याभोवतीच फिरणार आहे.

आता वाऱ्याकडे वळू. वारा छपरावर आदळतो आणि त्याला ढकलून पाडतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. भिंतीच्या बाबतीत ती खरी आहे. छपराच्या बाबतीत मात्र वारा बहुधा ढकलत नाही, तो उचलतो. याची प्रचीती घरबसल्या घेता येते. कागदाची एक लांब पट्टी ओठांखाली धरावी. तिचे दुसरे टोक खाली लोंबू द्यावे. मग पट्टीच्या वरच्या अंगाने जोराने फुंकर घालावी. पट्टी खाली दबण्याऐवजी वर उचलली जाते. वेगाने वळून जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, खालच्या स्थिर हवेचा दाब तेवढाच राहतो, आणि खालची हवा पट्टीला वर लोटते. वारा घराच्या भिंतीला भिडून वर चढतो आणि छपराच्या कडेवरून वळसा घेऊन पुढे धावतो, तेव्हा छपराच्या वरच्या अंगाला असाच दाब कमी होतो. घरातील हवा मात्र स्थिर असते. ती छपराला खालून वर रेटू लागते.

या ओढीचा जोर सगळीकडे सारखा नसतो. छपराच्या कडेशी आणि विशेषतः कोपऱ्यांशी हवेचे भोवरे तयार होतात. तेथे ओढ मधल्या भागाच्या दीडपट-दुप्पट होते. वळचणीचा जो भाग भिंतीबाहेर आलेला असतो, त्याला तर दोन्ही बाजूंनी वर जावे लागते: वरून ओढ आणि खालून भिंतीवर आपटून वर चढलेल्या वाऱ्याचा रेटा. त्यात वाऱ्याच्या तोंडावरचे दार किंवा खिडकी उघडी राहिली, तर वारा आत शिरून घर फुग्यासारखे फुगवतो. वादळात छपरे प्रथम कोपऱ्यातून उचकटतात आणि दार उघडताक्षणी पत्रे गेल्याचे लोक सांगतात, ते यामुळेच. भर पावसात छत्री उलटी होते तेव्हा याच शक्तीशी आपली गाठ पडलेली असते.

ही शक्ती किती असते, याचा थोडा हिशेब करू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे १७ किलो भरतो. वेग ताशी १२० किलोमीटर झाला की तोच दाब ६८ किलोपर्यंत जातो. भारतीय मानक संस्थेने वाऱ्याच्या भारासंबंधी जी संहिता केली आहे, तिच्यात देशाचा एक नकाशा दिलेला आहे. मोकळ्या मैदानात, जमिनीपासून दहा मीटर उंचीवर, पन्नास वर्षांत सरासरीने एकदा येऊ शकेल असा झोत कोठे किती वेगाचा असेल, हे त्यावरून समजते. या नकाशाप्रमाणे पुण्याला हा वेग सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४ मीटर आणि चंदीगडला ४७ मीटर धरतात. समुद्रकाठच्या मुंबईपेक्षा समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या चंदीगडचा आकडा मोठा आहे, हे पाहून प्रथम आश्चर्य वाटते. पण गडगडाटी ढगांतून थंड हवा एकाएकी खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते, तेव्हा अल्पकाळ अतिशय जोराचे झोत निर्माण होतात. आंधी ती हीच. तिला समुद्राची गरज नसते.

सेकंदाला ४७ मीटर म्हणजे ताशी सुमारे १७० किलोमीटर. त्याचा दाब चौरस मीटरला १३५ किलो. छपराच्या मधल्या भागावर वरची ओढ जवळजवळ एवढीच असते, कोपऱ्यांत ती दुपटीपर्यंत जाते. आता समोर छपरांची वजने ठेवा. बारा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या छताचे वजन चौरस मीटरला ३०० किलो असते. पंजाबात अशा छतावर उन्हापासून बचाव म्हणून मातीचा थर देऊन वर विटांच्या फरश्या बसवण्याची रीत आहे. तिने हे वजन आणखी वाढते. मंगलोरी कौलांचे छप्पर, लाकडी रिपांसह, चौरस मीटरला पन्नाससाठ किलो भरते. आणि नालीदार पत्रा? त्याचे वजन चौरस मीटरला अवघे पाच किलो. म्हणजे सेक्टर १७ चे छत नुसत्या वजनावरच वाऱ्याला पुरून उरते. पत्र्याचे छप्पर वजनाच्या जोरावर साध्या वावटळीलाही तोंड देऊ शकत नाही. ते टिकायचे असेल तर बांधणीवरच टिकले पाहिजे.

येथे एक अतिशय रूढ उपाय तपासून पाहण्याजोगा आहे. झोपडीच्या पत्र्यांवर दगड, विटा, जुने टायर किंवा वाळूची पोती ठेवलेली आपण सर्वत्र पाहतो. तीन मीटर लांब आणि ऐंशी सेंटिमीटर रुंद असा एक पत्रा घ्या. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याला वर नेणारा जोर सुमारे १६० किलोचा असतो. पत्र्याचे स्वतःचे वजन बारा किलो. हा तोल केवळ दगडांनी साधायचा, तर त्या एका पत्र्यावर दहा-दहा किलोचे पंधरा दगड ठेवावे लागतील, आणि कडेच्या पत्र्यावर त्याच्या दुप्पट. एवढे वजन खालचे वासे पेलणार नाहीत. प्रत्यक्षात ठेवलेले असतात चारपाच दगड. ते पत्रा धरून ठेवीत नाहीत; पत्रा उचलला की घरंगळत खाली येतात, आणि खाली मूल निजलेले असू शकते. आता तोच जोर आठ लोखंडी आकड्यांमध्ये वाटून पाहा. मधल्या पत्र्यात प्रत्येक आकड्याच्या वाट्याला वीस किलोदेखील येत नाहीत, कडेच्या पत्र्यात चाळीसच्या आसपास येतात. बोटाएवढ्या जाडीची सळई हा भार लीलया सोसते. पंधरा दगडांनी जे होत नाही, ते आठ आकड्यांनी होते.

मग सर्वांनी जड छतेच बांधावीत, असे कोणी म्हणेल. मराठवाड्यातील आपल्या पूर्वजांनी तेच केले होते. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी धाब्याची घरे तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. दर वर्षी त्यांवर मातीचा नवा थर चढे. अशा घरांना वाऱ्याची भीती नव्हती, आणि उन्हाळ्यात ती गारही राहत. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात धरणीकंप झाला. एकमेकींशी न सांधलेल्या त्या जाड भिंती ढासळल्या, त्यांच्याबरोबर मातीचे छत खाली आले, आणि लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. जे वजन वाऱ्यापासून रक्षण करीत होते, तेच जीवघेणे ठरले. त्यानंतर कित्येक कुटुंबांनी मातीच्या धाब्याची धास्ती घेतली आणि डोक्यावर हलका पत्रा घातला. धरणीकंपाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचा होता. परंतु पत्रा घालताना तो खाली घट्ट बांधला नाही, तर एका संकटातून सुटून दुसऱ्याच्या तोंडी जाण्यासारखेच ते झाले. चंदीगडही हिमालयाच्या पायथ्याशी, धरणीकंपाच्या पट्ट्यात वसलेले आहे. तेथील इमारतींची भिस्त केवळ वजनावर नाही. खांब, तुळई आणि छत यांच्या सांध्यांवर आहे, हे म्हणूनच महत्त्वाचे.

सारांश, छप्पर जड असावे की हलके, हा प्रश्न दुय्यम आहे. ते बांधलेले आहे की नुसते ठेवलेले आहे, हा खरा प्रश्न. वजन एका संकटात उपयोगी पडते आणि दुसऱ्यात घात करते; बांधणी दोन्हींत उपयोगी पडते.

ही बांधणी कोठे सुटते, हे कोकणाने अलीकडेच मोठी किंमत देऊन पाहिले. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास होता. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले. महामारीमुळे आधीच घरात कोंडलेल्या माणसांच्या डोक्यावरचे छप्पर गेले, आणि तेही मृगाचा पाऊस तोंडावर आला असताना. पुढल्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, 'तौक्ते' चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर जात गुजरातेकडे गेले, तेव्हा सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीनेही हाच अनुभव घेतला. आंधी काही मिनिटांत सरते. चक्रीवादळ तासन्‌तास झोडपते आणि त्याचे केंद्र पुढे सरकले की वाऱ्याची दिशाही फिरते. सकाळी एका बाजूने खिळखिळे झालेले छप्पर दुपारी दुसऱ्या बाजूने उचलले जाते.

घराची बांधणी म्हणजे एक साखळी आहे. पत्रा रिपेला किंवा लोखंडी पर्लिनला, पर्लिन वाशाला अथवा कैचीला, कैची भिंतीवरच्या आडव्या पाटाला, पाट भिंतीला आणि भिंत पायाला, अशी ती वरून खाली उतरते. वाऱ्याची ओढ या साखळीतून पायापर्यंत पोहोचली पाहिजे. कोणतीही एक कडी कच्ची राहिली, की बाकीच्या सर्व कड्यांवरचा खर्च वाया जातो. आठ मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशा लहानशा घराचा हिशेब करा. ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्या छपराला वर नेणारा एकूण जोर पावणेतीन टनांच्या घरात जातो. पत्रे उत्तम ठोकलेले असतील, पण कैच्या भिंतीवर नुसत्या टेकवलेल्या असतील, तर पत्रा सुटत नाही. सबंध छप्परच कैच्यांसकट उचलले जाते.

तेव्हा एकेक कडी पाहू. पत्र्यासाठी साधे खिळे वापरू नयेत. वाऱ्याच्या हिसक्यांनी खिळा हळूहळू ढिला होतो आणि लाकडातून सरळ बाहेर येतो. त्याऐवजी पर्लिनला खालून मिठी मारणारे वाकडे आकडे, ज्यांना कारागीर 'जे बोल्ट' म्हणतात, ते घालावेत. लोखंडी पर्लिन असेल तर वॉशरसह येणारे स्क्रू चालतात. आकडा कितीही मजबूत असला, तरी त्याच्या भोवती पत्रा फाटून निघू शकतो. म्हणून रुंद वॉशर आवश्यक, आणि भोक पत्र्याच्या नालीच्या माथ्यावर असावे म्हणजे पाणी झिरपत नाही. कडांशी, कोपऱ्यांशी व आढ्याशी ओढ दुप्पट असते. तेथे आकड्यांमधील अंतर निम्मे करावे. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड काही वर्षांत खाऊन जाते, म्हणून तेथे जस्ताचा मुलामा दिलेलेच सामान घ्यावे.

दुसरी कडी वाशाची किंवा कैचीची. ती भिंतीवरील पाटाशी लोखंडी पट्टीने, पट्टी वरून वळवून दोन्ही बाजूंनी बोल्ट मारून, बांधावी. तिसरी कडी पाट आणि भिंत यांच्यामधली. ही बहुधा दिसत नाही, म्हणून सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. भिंत बांधतानाच तिच्या माथ्यावर सळ्या घातलेली काँक्रीटची पट्टी चारही बाजूंनी फिरवावी आणि पाट धरून ठेवणारे बोल्ट त्या पट्टीत खोल रोवावेत. हीच पट्टी धरणीकंपात चारही भिंतींना एकत्र धरून ठेवते. किल्लारीत जिचा अभाव जीवघेणा ठरला आणि कोकणात जिच्यावाचून छपरे गेली, ती ही एकच पट्टी होय.

छपराच्या आकाराचाही विचार केला पाहिजे. जवळजवळ सपाट अशा हलक्या छपराला वारा सर्वांत सहज उचलतो; तीस अंशांच्या आसपासचा उतार अधिक सुरक्षित. दोन पाख्यांच्या छपरापेक्षा चारही बाजूंना उतरणारे चौपाखी छप्पर वाऱ्याला अधिक चांगले तोंड देते, कारण त्याला उभी त्रिकोणी भिंत नसते आणि वारा कोणत्याही बाजूने आला तरी त्यावरून सरळ निसटतो. कोकणातील जुनी घरे चौपाखी आणि पुरेशा उताराची असत, यामागे नुसता पाऊस नव्हता. त्या घरांत पडवीचे छप्पर पुष्कळदा माजघराच्या छपरापेक्षा खाली आणि वेगळे असे. वाऱ्याने पडवी उचलली तरी मुख्य छप्पर तिच्यामागे ओढले जात नसे. आज सोयीसाठी दोन्हींवर एकच सलग पत्रा टाकतात; तो मोह टाळावा. वळचण पावसासाठी हवी. पण ती अर्ध्या मीटरपेक्षा फार पुढे काढू नये. कौलांच्या फटींतून हवा निसटते, त्यामुळे कौलारू छपरावरची ओढ थोडी कमी होते. तरीही कडेच्या आणि आढ्याच्या कौलांना तारेने रिपांशी बांधणे अगत्याचे आहे.

काँक्रीटच्या छताखाली राहणाऱ्यांनी मात्र हे सारे दुसऱ्यांसाठी आहे असे समजू नये. छत उडत नाही. छतावर ठेवलेले उडते. गच्चीवर पावसासाठी घातलेली पत्र्याची शेड हेदेखील छप्परच असते, आणि चारपाच मजले उंचावर वारा जमिनीपेक्षा अधिक जोराचा असतो. हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी भरलेली असेल तर तिचे वजन टनाहून अधिक. रिकामी असेल तर तीच दोन माणसांना सहज उचलता येते. वादळाची सूचना मिळताच टाकी भरून ठेवणे हा फुकटचा उपाय आहे. सौर पट्ट्या तिरप्या बसवलेल्या असतात, त्यामुळे वारा त्यांच्याखाली शिरून त्यांना पत्र्याप्रमाणेच उचलू पाहतो. त्यांचे पाय गच्चीला घट्ट जखडलेले आहेत की नुसत्या विटांवर ठेवलेले आहेत, हे पाहावे. चंदीगडच्या निर्मात्यांनी १९५४ मध्येच जाहिरातींवर नियंत्रण घालणारा आदेश काढला. हेतू शहराच्या रूपाचा होता. पण भल्या मोठ्या फलकांना आवर घातला की वाऱ्याच्या वाटेतले एक शीडही कमी होते. असे शीड किती घातक असते, हे १३ मे २०२४ रोजी मुंबईत दिसले. त्या दिवशी आलेल्या वादळी वाऱ्यात घाटकोपरला एक महाकाय जाहिरात-फलक पेट्रोलपंपावर कोसळला आणि सतरा माणसे दगावली.

आज हवामान खाते पुढील काही तासांच्या वादळी वाऱ्याची सूचना जिल्हावार देऊ शकते. ती मिळाली की करण्याजोगी कामे थोडी आणि सोपी आहेत. वाऱ्याच्या तोंडावरची दारे-खिडक्या आडणे लावून बंद करावीत. अंगणातील आणि गच्चीवरील सुट्या वस्तू आत घ्याव्यात. छप्पर ज्यांचे कच्चे आहे, त्यांनी वेळीच शाळा किंवा तत्सम पक्क्या इमारतीत जावे. आणि वादळ चालू असताना पत्रा धरून ठेवण्यासाठी कोणीही छपरावर चढू नये. शेकडो किलोंच्या जोरापुढे माणसाचे साठ-सत्तर किलो वजन कोठे पुरणार?

वारा मध्येच एकाएकी थांबला, तरी वादळ गेले असे समजू नये. चक्रीवादळाचे केंद्र डोक्यावरून जात असेल, तर थोड्या वेळाने तो उलट्या दिशेने परत येतो. तोवर आतच थांबावे.

या सर्व उपायांना खर्च किती येतो? नवे घर बांधताना आकडे, पट्ट्या, बोल्ट आणि वॉशर यांची किंमत संपूर्ण छपराच्या किमतीपुढे अल्प असते. उडालेले छप्पर पुन्हा घालण्याचा खर्च मात्र पुरा द्यावा लागतो, आणि भिजलेले धान्य व दुखापत झालेले माणूस यांचा तर हिशेबच नाही. ज्यांना हा अल्प खर्चही झेपत नाही, त्यांच्याच डोक्यावर सर्वांत हलके छप्पर असते. म्हणून घरबांधणीसाठी सरकार, ग्रामपंचायत किंवा एखादी संस्था मदत देते, तेव्हा तिने पत्र्यांबरोबर आकडे आणि पट्ट्याही मोजून द्याव्यात, आणि ते घातले गेले की नाहीत हे शिडीवर चढून पाहावे. नुसते पत्रे वाटणे म्हणजे पुढल्या वादळाच्या हाती पाती देण्यासारखे आहे.

आपल्याकडे घर शाकारण्याची एक जुनी चाल होती. मृग निघण्यापूर्वी घरातील मोठी माणसे छपरावर चढत. फुटके कौल बदलत, सडलेली रीप काढत, ढिला झालेला सुंभ पुन्हा आवळत. पत्रा आला तशी ही चाल सुटली, कारण पत्रा गळत नाही तोवर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. ती चाल पुन्हा सुरू केली पाहिजे. वर्षातून एक सकाळ, वैशाखात वादळांचा मोसम भरात येण्याआधी, प्रत्येक घराने आपल्या छपरासाठी राखून ठेवावी. प्रत्येक आकडा हाताने हलवून पाहावा, गंजलेला बदलावा, कोपऱ्यात एखादा अधिक घालावा. सेक्टर १७ च्या चौकातला माणूस आंधी ओसरल्यावर छपराकडे पाहतही नाही. तेवढी निश्चिंती पत्र्याखाली झोपणाऱ्यालाही मिळू शकते. त्यासाठी त्याच्या छपराला सिमेंटच्या छताचे वजन आणण्याची गरज नाही. पत्र्यापासून पायापर्यंतची साखळी अखंड असली, म्हणजे पुरे.